दोन बोटं रिकामी चाल

मला गाडी चालवता येत नाही. तेव्हा येत नव्हती, आजही येत नाही. पण जीपचं स्टेअरिंग ढिलं कुठे झालंय हे शोधायचं असेल तर ते कसं हलवायचं, हे मला मुरबाडच्या स्टँडवरच्या निम्म्या ड्रायव्हरांपेक्षा बरं कळतं. दीड वर्षभर माझे सगळे रविवार त्यातच गेले.

जीप ह्यांची होती. हे म्हणजे माझा नवरा. मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर, घरापुढे अंगण आणि अंगणात जीप. कुठल्याशा सरकारी कचेरीने लिलावात काढलेली ही गाडी ह्यांनी घेतली आणि स्टँडपासून डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत ती भरून न्यायला लागले. एसटी गेली की मग जीपच, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. आत बारा जण बसायचे, मागे लटकलेले वेगळे. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण कोंबलेला असे. हे निम्मे सीटवर, निम्मे गिअरवर असे तिरके बसायचे आणि गाडी मात्र सरळ न्यायचे. गाडी सरळ जाते, हा ह्यांचा एकुलता एक अभिमान होता.

मी खर्डीकडची. दहावी झालेली, म्हणून लग्नानंतर गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. दिवसभर पंचवीस पोरांशी बडबड करायची आणि घरी यायचं तर घर गप्प. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मूल झालं नाही. त्यावरून मला कुणी टोचलंही नाही, कारण टोचायला घरात तिसरं माणूस नव्हतं. हे मुळातच कमी बोलणारे. भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. "भात वाढ", "उद्या लवकर निघायचंय" आणि "दार लाव" एवढ्या तीन वाक्यांवर आमचा दिवस उरकायचा. माझ्या माहेरी सगळे एकदम बोलतात, कोण ऐकतंय याची कुणाला फिकीर नसते. मला सुरुवातीला वाटायचं, आपल्या हातून काहीतरी चुकलंय. मग वाटायचं बंद झालं. ते जास्त वाईट होतं.

मग एका पावसाळ्यात जीप वाहवायला लागली.

सरळ रस्त्यावरसुद्धा ती सरळ जाईना. आधी डावीकडे ओढायची, तिला आवरावं तर उजवीकडे पळायची. स्टेअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा, आणि तिसऱ्या बोटाला एकदम वळायची. ह्यांचे हात सारखे हलत राहायचे. घरी आले की खांदे चोळत बसायचे. मी तेल गरम करून आणलं, तर म्हणाले, "राहू दे."

एका रविवारी सकाळी मी अंगण झाडत होते आणि जीपच्या पोटाखालून हाक आली.

"अगो, जरा वर बस. स्टेरिंग हलव."

मी केरसुणी टाकली, हात पदराला पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. स्टेअरिंग केवढं मोठं वाटलं! खालून सूचना आल्या. चाक वळेल एवढं फिरवायचं नाही. फक्त जेवढं रिकामं फिरतंय तेवढंच, डावीकडे आणि उजवीकडे, एकसारखं. मी वर हलवत राहायचं आणि ह्यांनी खाली एकेक सांधा मुठीत धरून बघायचा. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत चार-पाच ठिकाणी सांधे असतात. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो झिजलेला. हे काम एकट्याला जमत नाही. वर एक हात लागतो आणि खाली एक.

"हलव."

मी हलवायचे.

"बास."

मी थांबायचे. ह्यांचा हात पुढच्या सांध्यावर जायचा, आणि पुन्हा "हलव."

त्या दिवशी टायरॉडचे, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे, एंड झिजलेले सापडले. कल्याणहून नवे आणून बसवले. महिनाभर गाडी बरी चालली आणि पुन्हा वाहवायला लागली. मग स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. मग चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिना. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. आणि प्रत्येक रविवारी, चहा झाला की, हे पोत्यावर आडवे होऊन जीपखाली सरकायचे आणि मी वर चढून बसायचे.

स्टँडवर प्रत्येकाकडे औषध होतं. एक म्हणाला हवा कमी कर, दुसरा म्हणाला वाढव. वाडीवरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, ही गाडी आधी ज्याच्याकडे होती त्याचा जीव तिच्यात अडकलाय. सरकारी कचेरीचा जीव कुठे अडकतो, असं मी विचारलं, तर हे चक्क हसले. सगळ्यात शहाण्या ड्रायव्हराने स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला जो बॉक्स असतो, त्याच्यावरचा स्क्रू आवळायला सांगितला. सगळे ड्रायव्हर तेच करतात; ढिलं वाटलं की तो स्क्रू आवळतात. ह्यांनी आवळला. स्टेअरिंग जड झालं, वळणावरून आपोआप सरळ यायचं तेही येईनासं झालं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटायला लागली. दोन दिवसांनी ह्यांनी तो मुकाट्याने पुन्हा सैल केला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जीपखाली गेला की हा माणूस बोलायचा.

कसं कोण जाणे. तोंडासमोर तोंड नसलं की ह्यांना जमत असावं. मी वर, हे खाली, मध्ये गाडीचा पत्रा. "हलव" आणि "बास" यांच्या मधल्या फटीतून एकेक गोष्ट वर यायची. लहानपणी बैल बुजला आणि गाडी नदीत गेली, त्यात ह्यांची बहीण वाहून गेली, हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी जीपच्या पत्र्यातून कळलं. मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांत मीठ विसरले होते आणि ह्यांनी ते न बोलता खाल्ले होते, हेही तेव्हाच. मी वरून म्हटलं, "मग सांगायचं ना!" खालून आवाज आला, "तू आधीच रडवेली झाली होतीस."

एकदा म्हणाले, "दुसऱ्याला हलवायला सांगितलं तर झटके मारतो. सांधा कळतच नाय. तुझ्या हाताला ताल हाय गो."

आमच्या संसारात माझं झालेलं हे एवढंच कौतुक. मी उतरले तेव्हा माझे कान गरम झाले होते. हे बाहेर आले, हात घासलेटाने पुसले आणि म्हणाले, "भात वाढ."

आठवडाभर मी रविवारची वाट बघायचे. अंगणवाडीत पोरांना वार शिकवताना रविवारपाशी माझा आवाज बदलायचा, असं मदतनीस बाई म्हणायच्या. रविवारी मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून जीपमध्ये बसायचे. पदराला ग्रीस लागायचं, ते लागू द्यायचे.

दुसरा दसरा आला. आमच्याकडच्या ड्रायव्हरांची एक पद्धत आहे. दसऱ्याच्या आधी गाडी नदीवर नेऊन धुवायची आणि खाली चासीला, म्हणजे सगळी गाडी ज्यावर बसते त्या लोखंडी सांगाड्याला, काळा रंग मारायचा. वरून नवी दिसो न दिसो, खालून गाडी चकचकीत पाहिजे. ह्यांनीही दर वर्षीसारखा मारला. चिखल, जुनं ऑइल आणि मागच्या दसऱ्यांचा रंग, त्यावर नवा रंग. मग झेंडूचा हार, नारळ, आणि मी हळदीकुंकवाची बोटं ओढली. बॉनेटवर, चाकांवर आणि स्टेअरिंगवर. स्टेअरिंगच्या दांड्यावर बाहेरून एक नळी असते, ती फिरत नाही; तिला डॅशबोर्डाखाली एक पट्टी धरून ठेवते. माझं शेवटचं बोट त्या पट्टीवरून नळीवर असं एकाच ओढीत गेलं. ओल्या कुंकवाची चांगली ठळक रेघ उमटली.

दिवाळी झाल्यावरचा रविवार होता. मी हलवत होते आणि माझी नजर त्या रेघेवर गेली. पट्टी जिथे संपते आणि नळी सुरू होते, तिथे रेघ तुटलेली होती. मी डावीकडे फिरवलं की नळीवरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकायचा. उजवीकडे फिरवलं की वर यायचा. म्हणजे जी नळी हलायलाच नको, तीच जागची हलत होती. खाली ज्या बॉक्सला ती जोडलेली होती तो बॉक्सच हलत असणार. हे खाली झोपून बॉक्सपासून पुढचे सगळे सांधे धरून बघत होते, आणि बॉक्स ज्या चासीवर बसवलाय ती पक्कीच आहे असं धरून चालले होते. तिला तर त्यांनीच रंग मारला होता. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण जातं हललं तर आधी खुंटा बघावा, एवढं कोणत्याही बाईला कळतं.

मी तोंड उघडलं होतं. "अवो" म्हणालेही होते.

"काय?"

"काय नाय. हलवू?"

"हलव."

आता खरं सांगते. मी गप्प राहिले, कारण गाडी नीट झाली असती. गाडी नीट झाली की रविवार संपला. वर्षभर नव्हे, दीड वर्ष मी त्या अर्ध्या तासावर जगत होते आणि मला तो सोडवेना. मी स्वतःला समजावलं, की दाण्याएवढं तर हलतंय, एवढ्याने काय होतंय. पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी ह्यांनी त्यांच्या बहिणीबद्दल आणखी सांगितलं, तिला चिंचा आवडायच्या म्हणून. मी नाही सांगितलं. असे सहा रविवार गेले. त्या सहा आठवड्यांत रोज ती जीप माणसं भरून वळणावळणाच्या रस्त्याने जात होती, आणि मला माहीत होतं.

सातव्या आठवड्यात अंगणवाडीतल्या कमी वजनाच्या पोरांना तपासणीसाठी मुरबाडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. डोंगराकडच्या वाडीवरच्या सहा बाया आणि त्यांची पोरं. गाडी कुणाची, तर घरचीच. मी पुढे ह्यांच्या शेजारी बसले, मांडीवर एक मुलगी. तिची आई माझ्या पलीकडे.

सरळ रस्त्याला लागल्यावर ती आई म्हणाली, "बाय, ही गाडी अशी का चालते गो? बैलाला माशी चावल्यासारी?"

"रस्ता खराब आहे," मी म्हटलं. रस्ता त्या तुकड्यावर नुकताच डांबरी झाला होता.

पुढे ओढ्यावर एक मोरी लागते, तिच्यावर वळण. समोरून पेंढा भरलेला टेम्पो आला. ह्यांनी डावीकडे फिरवलं. स्टेअरिंग फिरलं, माझ्या डोळ्यांसमोर रेघेचा तुकडा खाली सरकला, आणि गाडी तशीच उजवीकडे टेम्पोवर चालली. ह्यांनी आणखी फिरवलं. चाकांनी एकदम पकडलं आणि गाडी डावीकडे उसळली. टेम्पो खसकन घासून गेल्यासारखा वाटला, घासला नाही. डावी चाकं डांबर सोडून खाली गेली आणि जीप भाताच्या रिकाम्या खाचरात उतरून, बांधाला नाक लावून थांबली. बाया ओरडल्या. मग कुणालाच काही झालं नाही हे बघून हसायला लागल्या. माझ्या मांडीवरची मुलगी म्हणाली, "परत!"

मला हसू आलं नाही. त्या पोरीचं डोकं मी दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या आईने माझी बोटं सोडवली.

पुढचं अंतर हे बैलगाडीच्या चालीने गेले. तपासण्या झाल्या, सगळ्यांना घरी सोडलं. अंगणात जीप थांबल्यावर हे उतरायला लागले तेव्हा मी म्हटलं, "थांबा. मला कायतरी दाखवायचंय."

मी रेघ दाखवली. स्टेअरिंग हलवून दाखवलं. हे बघत राहिले. मग मला म्हणाले, "पुन्हा हलव," आणि तोंड पार रेघेजवळ नेलं. नंतर नखाने रेघेच्या चिरेत हळूच खरवडलं आणि नखाकडे बघितलं.

"कवा दिसलं तुला?"

"आज," मी म्हटलं. "आत्ता, वळणावर."

तडा नवा असला की आतून स्वच्छ असतो, जुना असला की त्यात धूळ बसलेली असते. हे मला ह्यांनीच जीपखालून शिकवलं होतं. ह्यांच्या नखात कुंकवाबरोबर काळी धूळ आली होती, तेलकट, घट्ट बसलेली. आठवड्यांची. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"बरं," हे म्हणाले आणि हात पँटला पुसला.

दुसऱ्या दिवशी जीप शहापूरला नेली. तिथे हायवेवर ट्रकच्या चासी जोडणारा एक वेल्डर होता. मी म्हटलं, मीपण येते, तिथून खर्डीला आईकडे जाऊन येईन. हे म्हणाले, "तू कशाला," आणि रिकामी गाडी घेऊन एकटे गेले. संध्याकाळी परतले. जेवताना मला सांगितलं, की बॉक्सच्या बोल्टांमागे चासीला वीतभर तडा गेला होता, रंगाखाली दिसत नव्हता. आणखी थोडे दिवस गेले असते तर बॉक्स सुटून हातात आला असता. आता पट्टी मारून घेतलीय. हे सगळं ह्यांनी ताटाकडे बघून सांगितलं. मी शोधून काढलं हे म्हणाले नाहीत. मी लपवलं हेही म्हणाले नाहीत. मला वाटत होतं, ओरडावं एकदा. माझ्या बापाने असं काही कळल्यावर गल्ली गोळा केली असती.

गाडी सरळ चालायला लागली. दोन बोटांनी धरली तरी जायची, असं लोक सांगायचे.

पुढच्या रविवारी मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून ओट्यावर बसले. हे चहा प्यायले आणि स्टँडवर गेले. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलं, "आज नाय बघायचं का खाली?"

"काय बघायचं? चालते की नीट."

बरोबरच होतं. नीट चालणाऱ्या गाडीखाली कोण कशाला शिरेल? मी स्वतःला हेच सांगत राहिले. गाडी नीट झाली म्हणून बोलावत नाहीत, दुसरं काही नाही. ती धूळ ह्यांनी बघितलीच नसेल. बघितली असेल, पण मनात धरली नसेल. दसरा आला, मी रेघ ओढली, ती अख्खी राहिली. घरात तीच तीन वाक्यं. ह्यांच्या त्या बहिणीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं, पुढच्या एखाद्या रविवारी विचारू म्हणून. आता समोरासमोर कसं विचारणार?

मग पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस हे घरी आले ते खांदे चोळत. गाडी थोडी थोडी डावीकडे ओढतेय, म्हणाले. टायरॉडचा एंड गेला असेल. मला लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. शनिवारी रात्री मी सकाळसाठी धुतलेली साडी काढून ठेवली.

रविवारी सकाळी मी आत चहा करत होते. बाहेर पोतं टाकल्याचा आवाज आला, जीपखाली सरकल्याचा आला. मी गॅस बारीक केला आणि हाकेची वाट बघत उभी राहिले. हाक आली नाही. कुणाचं तरी खाकरणं ऐकू आलं. मी दारापर्यंत गेले. रस्त्यापलीकडे राहणारा, टेम्पो चालवणारा एक माणूस माझ्या जागेवर बसला होता. तो मला बघून म्हणाला, "वहिनी, चहा टाका माझापण."

मी आत जाऊन दोन कप भरले. साखर घातली आणि एक कप ढवळत पुन्हा दारात आले.

बाहेरून आवाज आला, "हलव."

तो माणूस झटके मारत असणार, कारण लगेच हे ओरडले, "हळू रे! झटके नको मारूस. सांधा कळत नाय." थोड्या वेळाने पुन्हा, "हळू, सांगतोय ना." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील, तू ऊठ, हिला बसू दे. मी दारातच तर होते. माझी साडी त्यांना गाडीखालून दिसत असेल.

तसं काही ते म्हणाले नाहीत. त्या माणसाला झटके मारू दिले आणि सांधा चाचपडत राहिले.

मी चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"बास," हे खालून म्हणाले, आणि दारात माझा हात थांबला.